हतनूरचं पाणी उतरतं तेव्हा

पावसाळ्यात जळगाव जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रांत रोज एक चौकट असते. हतनूर इतके टक्के, गिरणा इतके टक्के, वाघूर इतके टक्के. धुळ्याकडे तीच चौकट अक्कलपाडा आणि मालनगावची. आकडा वाढला की आपल्याला हायसं वाटतं, आणि वाटायलाही हवं. इथल्या माणसाने टँकरची रांग पाहिलेली आहे. पण धरणाच्या पाण्याला आणखी एक मोजमाप आहे, ते या चौकटीत कधीच येत नाही. पाणी किती वेगाने चढलं आणि किती वेगाने उतरलं, हे ते मोजमाप. काठावरच्या शेताचं काय होणार, हे टक्क्यांवर ठरत नाही, या वेगावर ठरतं. माझं म्हणणं एवढंच आहे की पातळीचं हे वेळापत्रक सार्वजनिक असलं पाहिजे आणि ते ठरवताना काठावरच्या गावांना विचारलं पाहिजे. आज दोन्ही होत नाही.

हतनूरपासून सुरुवात करतो, कारण तापीवरचा खानदेशातला सगळा प्रश्न तिथे एकवटलेला आहे. चांगदेवला पूर्णा तापीला मिळते आणि त्या संगमाच्या खाली, भुसावळ तालुक्यात, हे धरण आहे. १९८२ साली पूर्ण झालं. एक्केचाळीस दरवाजे, पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून २१४ मीटर. वर बैतूल, बऱ्हाणपूर, मेळघाट, अकोला, बुलढाणा एवढ्या मुलखाचं पाणी गोळा होतं. त्या मानाने धरणाचं पोट अगदी लहान: एकूण साठा ३८८ दलघमी (दशलक्ष घनमीटर), त्यातला मूळ उपयुक्त साठा २५५. हिशेब करून पाहा. एक लाख क्युसेकचा, म्हणजे सेकंदाला एक लाख घनफूट पाण्याचा, पूर चोवीस तास चालला तर सुमारे २४५ दलघमी पाणी येतं. म्हणजे एका मोठ्या पुराच्या एका दिवसात हतनूरचा जवळजवळ सगळा उपयुक्त साठा भरून निघेल. असं धरण पूर अडवू शकत नाही. आलेला पूर पुढे सोडणं एवढंच त्याच्या हातात आहे.

हे आधी मान्य करायला हवं, कारण दर पावसाळ्यात ‘धरणवाल्यांनी पूर आणला’ अशी ओरड होते आणि तिच्यात बरेचदा तथ्य नसतं. जलसंपदा विभाग जुलै-ऑगस्टमध्ये हतनूरची पातळी २१४ च्या चार-पाच मीटर खाली ठेवतो, दरवाजे उघडे ठेवतो आणि पावसाळा सरत आला की भरून घेतो. याला कारण आहे. पहिल्या पुरांचं पाणी सर्वांत गढूळ असतं. ते अडवलं तर गाळ पोटात बसतो. शिवाय वरून अचानक मोठा पूर आला तर जागा शिल्लक हवी. ही पद्धत बरोबर आहे आणि ती सोडा असं कुणी सांगितलं तर मी विरोधात उभा राहीन. माझी तक्रार पुढे सुरू होते.

पहिली तक्रार फुगवट्याची. धरणाचं पाणी भिंतीपाशी २१४ मीटरला असलं तरी वीस-पंचवीस किलोमीटर वर ते त्याच उंचीला नसतं. नदी वाहत असते, तिला उतार लागतो, म्हणून वरच्या टोकाला पाणी चढतं. आणि गाळ नेमका त्या टोकालाच आधी बसतो. वेगाने आलेली नदी जिथे संथ पाण्याला भेटते तिथेच ती जाड वाळू आणि माती टाकते. पात्र तिथे वर येतं. मग तेवढाच पूर, तेवढीच धरणाची पातळी, तरी काठावर पाणी पूर्वीपेक्षा उंच चढतं आणि जास्त दिवस राहतं. भूसंपादनाची रेषा मात्र धरण बांधताना जी आखली तीच. पात्र बदललं, रेषा नाही बदलली.

याचा अर्थ ऐनपूर, निंबोल या बाजूच्या तापीकाठच्या केळीवाल्याला विचारा. त्याची जमीन कागदावर बुडीत क्षेत्राबाहेर आहे, म्हणून तिचा मोबदला मिळालेला नाही. पाणी मात्र कागदावरची ती रेषा ओळखत नाही. केळीच्या बागेत पाणी येऊन तासाभरात ओसरलं तर बाग वाचते. ते तीन-चार दिवस मुळाशी उभं राहिलं तर मुळं गुदमरतात, पानं पिवळी पडतात, आणि घड पोटात घेऊन उभं असलेलं झाड नंतर साध्या वाऱ्याने आडवं होतं. लागवड, ठिबक, खत, वर्षभराची मजुरी, सगळं त्या घडात असतं. त्यात आणखी एक अडचण: रावेर तालुक्यात त्या आठवड्यात थेंब पडलेला नसतो. पाऊस मेळघाटात आणि बऱ्हाणपूरकडे झालेला असतो. अतिवृष्टी मोजायची ती महसूल मंडळातल्या पावसाच्या आकड्यावर, आणि इथे तर आभाळ निरभ्र. मग पंचनामा कशाचा, इथपासून वाद सुरू होतो.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. पिकाचं नुकसान एका हंगामाचं असतं. काठ ढासळला की जमीनच जाते.

तापीचा काठ ज्याने जवळून पाहिला आहे त्याला सांगायला नको की तो खडकाचा नाही. शेकडो फूट खोल गाळाची जमीन आहे ही. वर काळी, खाली पिवळी बारीक माती, मधूनच वाळूचा थर, चुनखडीचे खडे. कोरडी असली की ही माती उभ्या कड्यासारखी राहते, दोन-तीन माणसं उंच, कधी त्याहून जास्त. काठाला लागूनच घळी आहेत, पावसाच्या पाण्याने कापलेल्या, काही तर शेताच्या मध्यापर्यंत शिरलेल्या. या घळी धरणाच्या आधीपासूनच्या आहेत. हतनूर नसतं तरी तापीने काठ खाल्लाच असता, हेही खरं. आणि वाळू उपशाने पायथा पोखरला जातो ते पाप तर कुठल्याच धरणाच्या माथी मारता येणार नाही.

तरीही पाण्याच्या पातळीचा स्वतःचा एक वाटा आहे. पूर चढतो तेव्हा पाणी काठाच्या मातीत शिरतं. माती भिजून जड होते, पण तोवर समोर नदीचं पाणी उभं असतं आणि तेच तिला रेटून धरतं. दरवाजे भराभर बंद केले की धरणाखालची नदी काही तासांत खाली जाते. मातीतलं पाणी मात्र इतक्या लवकर निघत नाही. बारीक पिवळ्या मातीतून ते दिवस-दिवस झिरपत राहतं. ओल्या भिंतीचा टेकू काढावा तसा काठ उघडा पडतो. आतून दाब, बाहेरून आधार नाही. मग तो बसतो. धरणाच्या वरच्या बाजूला हेच उलट्या प्रसंगी घडतं: मोठी आवक येणार म्हणून सगळे दरवाजे उघडून साठा झटक्यात खाली आणला की जलाशयाचा भिजलेला काठ तसाच सुटतो.

पुरानंतर दोन-तीन दिवसांनी काठावर गेलं की हे डोळ्यांनी दिसतं. पाण्याच्या ओळीला समांतर, बांधापासून पाच-सात पावलं आत, जमिनीत एक भेग असते. आधी बोट जाईल एवढी, दुसऱ्या दिवशी हात जाईल एवढी. भेगेच्या नदीकडच्या बाजूला कपाशीच्या दोन ओळी उभ्या असतात, हिरव्यागार, एकही पान सुकलेलं नाही, आणि त्या ओळी शेतापेक्षा वीतभर खाली गेलेल्या असतात. मोटारीचा पाइप जिथे काठावरून खाली उतरतो तिथे तो हवेत लोंबकळत असतो. पूर चढताना शेतकरी मोटार वर ओढून घेतो, त्याची त्याला सवय आहे, तसा निरोपही येतो. पण भेगेचा निरोप देणारं कुणी नाही. दरवाजे उघडताना जिल्हा प्रशासन सतर्कतेचा इशारा देतं, तलाठी-कोतवाल गावात सांगतात, मोबाइलवर संदेश फिरतात. दरवाजे बंद करताना एक ओळसुद्धा निघत नाही, कारण पाणी उतरणं म्हणजे धोका टळणं, अशीच सगळ्यांची समजूत आहे.

गेलेल्या जमिनीचं मोल काय? राज्याने २०२३ मध्ये लागू केलेल्या दरांनुसार खरडून किंवा वाहून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रुपये, तेही अल्प आणि अत्यल्प भूधारकांना. रावेर-यावलच्या बागायती जमिनीचा आजचा भाव ज्याला ठाऊक आहे त्याने हा आकडा त्याच्या शेजारी ठेवून पाहावा. ही मदत वाईट हेतूने कमी ठेवलेली नाही. ती नैसर्गिक आपत्तीसाठी आहे. प्रश्न असा की ज्या पाण्याची पातळी माणूस ठरवतो, त्या पाण्याने गेलेली जमीन पूर्णपणे नैसर्गिक आपत्तीत कशी मोजायची?

यावर काहीजण म्हणतात, मग पातळी एकाच ठिकाणी स्थिर ठेवा, चढउतारच नको. ऐकायला हे ठीक वाटतं, पण तसं केल्याने काठ वाचत नाही. पाणी महिनोन्‌महिने एकाच रेषेवर उभं राहिलं तर वाऱ्याच्या लाटा त्याच एका रेषेवर आपटत राहतात. जलाशयाचा पसारा मोठा असला की या लाटाही लहान नसतात. काठाच्या पायाशी त्या खाच पाडतात आणि वरचा भाग तोंडावर पडतो. शिवाय पाणी मागे हटण्यावर जगणारी माणसं आहेत. गाळपेर जमीन कसणारे हिवाळा-उन्हाळ्यात पाणी जसजसं ओसरतं तसतशी पेरणी करतात, हरभरा, गहू, पुढे टरबूज-डांगर. त्यांना पाणी उतरायला हवं असतं, फक्त कधी उतरणार हे आधी कळायला हवं. पेरलेल्यावर पुन्हा पाणी चढलं तर बियाणं गेलं. हतनूरच्या उथळ दलदलीवर हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात, तेही या ओसरण्यामुळेच. चढउतार हवाच. तो कधी आणि किती वेगाने, एवढंच ठरवायचं आहे.

जगात याचा सर्वांत बोलका अनुभव अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरच्या ऑन्टॅरिओ सरोवराचा आहे. सेंट लॉरेन्स नदीवरच्या धरणातून त्या सरोवराची पातळी १९६० च्या सुमारापासून नियंत्रित केली जाते. कित्येक दशकं ती मुद्दाम अरुंद पट्ट्यात राखली गेली, कारण जहाजं, वीज आणि काठावरची घरं यांना ते सोयीचं होतं. परिणामी काठच्या पाणथळ जमिनींची रया गेली. म्हणून नवी नियमावली आली, ती जानेवारी २०१७ पासून लागू झाली आणि तिच्यात पातळीला थोडा मोकळा श्वास दिला. त्याच वसंतात विक्रमी पूर आला, २०१९ मध्ये त्याहून मोठा. काठावरच्या लोकांनी नव्या नियमावलीला जबाबदार धरलं, न्यूयॉर्क राज्य कोर्टात गेलं. तज्ज्ञांचं म्हणणं असं की मुख्य कारण पावसाचं प्रमाण होतं. आणि २०१७ मध्ये सरोवरातून पाणी जास्त सोडावं तर खाली माँट्रियल परिसर ओटावा नदीच्या पुराने आधीच बुडालेला होता. वरच्याला वाचवावं तर खालचा बुडतो. आपल्याकडच्यापेक्षा वेगळं यात काही नाही. वेगळं आहे ते हे, की तिथे नियमावली छापलेली होती, तिच्यावर जाहीर सुनावण्या झाल्या होत्या, आणि भांडायचं झालं तर कशावर भांडायचं हे लोकांना माहीत होतं.

आपल्याकडे वरचा-खालचा हा संबंध थेट सुरतेपर्यंत जातो. हतनूरमधून सुटलेलं पाणी सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा या बॅरेजेसमधून उकाईत पडतं. उकाई धरण पूर्ण व्हायच्या आधी, १९६८ साली, तापीने सुरत बुडवली होती. १९७२ मध्ये उकाई झालं, हतनूरच्या वीसपटीहून मोठं. तरी ऑगस्ट २००६ मध्ये धरण जवळजवळ भरलेलं असताना वरून पूर आला, नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावं लागलं आणि सुरतेचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. माणसं गेली. आज उकाईची पावसाळी पातळी किती असावी हे साऱ्या दक्षिण गुजरातला पाठ आहे: ऑगस्टच्या सुरुवातीला ३३३ फूट, सप्टेंबरच्या सुरुवातीला ३३५, आणि पूर्ण ३४५ फूट पावसाळा संपत आला की. तिथली वर्तमानपत्रं पातळी छापतात तेव्हा शेजारी ही नियम-पातळीही छापतात. लोक दोन आकडे ताडून पाहतात आणि वर गेलं तर विचारतात.

सुरत मोठं शहर आहे, हिऱ्यांचं आणि कापडाचं, म्हणून तिच्यासाठी हे झालं. त्यात वाईट काही नाही. पण नवापूर-नंदुरबारकडच्या ज्या गावांची जमीन उकाईच्या पाण्याखाली गेली, त्यांना आणि मुक्ताईनगर-रावेरच्या काठाला हाच न्याय का नसावा? हतनूरलाही जलाशय प्रचालनाचा आराखडा आहे. कोणत्या तारखेला कुठवर पातळी हे त्यात लिहिलेलं असतं. तो कार्यालयाच्या कपाटात असतो. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तो एका पानात मराठीत लिहून लावायला कायदा बदलावा लागत नाही.

सातपुड्यापलीकडे, अक्कलकुवा आणि धडगावच्या नर्मदाकाठावर, हाच प्रश्न आणखी कठोर आहे. सरदार सरोवराचे दरवाजे २०१७ मध्ये बंद झाले आणि २०१९ मध्ये ते पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत भरलं. तिथे पाणी उतरलं की डोंगरउतारावर गुडघाभर गाळ उरतो, आणि त्यातूनच माणसांना नावेपर्यंत जावं लागतं, गुरं अडकतात. पातळी ठरते वीजनिर्मितीच्या आणि पाण्याच्या गरजेवर. मणिबेलीसारख्या गावाला उद्या पाणी कुठे असेल हे सांगणं, एवढं सौजन्य दोन राज्यांमध्ये मिळून दाखवता यायला हवं.

आता माझ्या बाजूचा सर्वांत दुबळा भाग. खानदेश सुरत नाही. इथे पाण्याची तूट आहे. गिरणा धरण १९६९ चं, साडेअठरा टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास उपयुक्त साठा, आणि ते कित्येक वर्षं पूर्ण भरतच नाही. चाळीसगाव, भडगाव, पाचोऱ्याच्या शेतकऱ्याला पातळी खाली ठेवा म्हणणं म्हणजे त्याचं आवर्तन, कालव्याच्या पाण्याची त्याची पाळी, हिरावून घेणं. हतनूरवरही भुसावळची रेल्वे, दीपनगरचं वीजकेंद्र, वरणगावची आयुध निर्माणी आणि कालव्यावरचे यावल-चोपड्याचे शेतकरी अवलंबून आहेत. सप्टेंबरात पाऊस लवकर उघडला आणि धरण भरायचं राहिलं तर उन्हाळ्यात त्यांनी काय करायचं? हा प्रश्न खरा आहे, आणि गिरणेच्या बाबतीत माझं उत्तर त्यांच्या बाजूचं आहे: तिथे थेंबही वाया घालवू नये.

पण मी मागतो आहे ते कमी भरणं नव्हे. भरायचं तेवढं भरा. उतरवताना सावकाश उतरवा. दरवाजे बंद करायचे तर एका फटक्यात नको, टप्प्याटप्प्याने, म्हणजे धरणाखालच्या नदीची पातळी दिवसाला ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त खाली जाणार नाही. ही मर्यादा किती, हे काठाच्या मातीची तपासणी करून अभियंत्यांनी सांगावं. ते शास्त्र त्यांच्याकडे आहे, मातीच्या धरणाचा जलाशय रिकामा करताना भरावाच्या उतारासाठी ते हेच गणित करतात. स्वतःच्या भिंतीसाठी जी काळजी घेतली जाते ती शेजारच्या शेतासाठीही घ्या, इतकंच. यात पाणी जातं, मान्य, पण ते शेवटच्या पुराच्या काही दिवसांचं. आणि ते खाली सुलवाडे-सारंगखेड्याला अडवता येतं, तेव्हा ते पूर्ण वायाही जात नाही. रात्री-अपरात्री दरवाजांवर माणसं जास्त लागतील. ती रिकामी पदं भरा, असंही मग म्हणावं लागेल.

दुसरं, फुगवट्याची नव्याने मोजणी. गाळ बसलेल्या आजच्या पात्रावर, संगमापासून वर, आजच्या पुराला पाणी कुठवर येतं याची रेषा काढावी. शहरांजवळ पंचवीस वर्षांतल्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतल्या पुराची लाल रेषा आखली जाते. केळीच्या बागेलाही तशी रेषा हवी. जुन्या संपादन रेषेच्या आणि या नव्या रेषेच्या मधली जी जमीन निघेल तिचं एक तर संपादन करा, नाही तर दर वेळी पाणी शिरलं की ठरलेली भरपाई द्या, पावसाचा आकडा न विचारता. यासाठी पैसा लागेल. तो आजही खर्च होतोच आहे, फक्त शेतकऱ्याच्या खिशातून.

काठ राखण्याची जबाबदारी शेतकऱ्याचीही आहे हे मी लपवणार नाही. अगदी कड्यापर्यंत नांगर घालायचा, बाभळी-करंज तोडून दोन सऱ्या वाढवायच्या आणि शेताचं सगळं पाणी एका जागी सोडून घळ वाढवायची, हे आपणच करतो. वाळूचा ट्रॅक्टर आपल्याच बांधावरून जातो तेव्हा गप्पही आपणच बसतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कालवा सल्लागार समितीची बैठक होते. पालकमंत्री असतात, आमदार असतात, अभियंते असतात, कालव्याखालच्या शेतकऱ्यांचे प्रतिनिधी असतात. रब्बीला किती आवर्तनं, पिण्याला किती राखीव, उद्योगाला किती, हे तिथे ठरतं. फुगवट्यातल्या आणि धरणाखालच्या काठाचा प्रतिनिधी तिथे नसतो, आणि दरवाजे कोणत्या गतीने बंद झाले हा विषय पत्रिकेवर नसतो. रावेर, मुक्ताईनगर, भुसावळ आणि यावल तालुक्यांतल्या तापीकाठच्या ग्रामपंचायतींनी पुढच्या बैठकीआधी तसा ठराव करून पाठवावा: पत्रिकेवर हा विषय घ्या, मागच्या पावसाळ्यातली दर तासाची पातळी आणि दरवाज्यांची नोंद आम्हाला द्या, आणि बैठकीला आमचा माणूस बोलवा. नोंद विभागाकडे आहे. ती मागायची आहे.